अंगणातलं घड्याळ आणि आबांची काठी

आमच्या परभणीत नळ कवा येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण आला की मोटर किती वेळ चालली याचा हिशोब ठेवावा लागतो, आणि त्यासाठी ओल्या पायानं आत जाऊन घड्याळ बघितलं की पुसलेल्या फरशीवरून बायको जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोबाईल एकदा बादलीत बुडून आलाय. म्हणून ठरवलं, अंगणातच घड्याळ लावायचं. अर्ध्या तासाचं काम वाटलं, तीन रविवार गेले.

दुकानदार म्हणला, "वॉटरप्रूफ आहे साहेब, बिनधास्त लावा." खोक्यावर आयपी ४४. घरी येऊन नेटवर बघतो तर पहिला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा जाड काही आत जाणार नाही, दुसरा ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. आता आमच्याकडं उन्हाळ्यात जी वावटळ सुटते तिची धूळ एक मिलिमीटरची कुठली, ती तर मैद्यासारखी! धूळ आडवायची तर पहिला आकडा ६ पाहिजे होता. बदलून द्या म्हणलं तर, "खोकं फोडलंय ना तुम्ही."

मग जागा. पश्चिमेची भिंत मे महिन्यात तव्यासारखी तापते, पूर्वेला पेरू आडवा येतो, दक्षिणेला पत्र्याचं शेड. नेटवरचे सगळे शहाणे एकच सांगतात, उत्तरेची भिंत धरा, तिथं ऊन येत नाही. आबा बाजेवरून म्हणाले, "काहून? येतंय की." मी म्हणलं आबा, तुम्ही चहा घ्या. ड्रिल लावलं आणि ताटाएवढं प्लास्टर खाली आलं, ते एक वेगळंच.

लावल्यावर आबांची नवी तक्रार, घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे. त्यांचं घड्याळ म्हणजे अंगणात रोवलेली काठी, सावली सगळ्यात आखूड झाली की बारा वाजले. आता देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशाची, आपण ७७ च्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आमची खरी दुपार बारा वीसच्या आगंमागंच. हे सगळं मी त्यांना पेरूखाली मातीत रेघा मारून समजावलं, तर म्हणाले, "मंग मिर्झापूरला लाव की."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्यांनी हाक मारली. काठीला सावलीच नव्हती, सूर्य बरोबर डोक्यावर. मी लई खूश! "आबा, तुमचं घड्याळ बंद पडलं!"

"माझं उद्या चालू होईल. आता सूर्य काठीच्या उत्तरेला चाललाय, जुलै संपेस्तोवर तिकडूनच येणार. तुझ्या भिंतीवर."

आला ना. लाल आकडे पंधरा दिवसात गुलाबी झाले. आता त्यावर आबांचाच जुना पंचा टाकलाय, वेळ बघायची तर पंचा वर करावा लागतो, खाली चिखल असतो, हात ओले असतात, त्यापेक्षा मी आपलं हळूच आत जाऊन बघतो.