पक्षी खाली उतरेल तेव्हा ना!

उड्या मारत पुढे जायच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, म्हणजे बॉस, अवाढव्य पक्षी असला की निम्मा वेळ नुसतं ताटकळणं. वीट आलाय याचा! खेळाडू जमिनीवर आणि पक्षी स्क्रीनच्या बाहेर. घिरट्या घालणार, पिसांचा मारा करणार आणि मग एकदाच झेपावणार. त्या झेपेत डोक्यावर फटका बसला की तो लुकलुकायला लागतो. तेवढ्या वेळात दुसरा वार लागत नाही, पण त्याच्या पंखाचं टोक आपल्याला लागलं की जीव गेलाच. अरे, लुकलुकताना त्याचा स्पर्शही बंद ठेवा की!

१९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री' या गेममध्ये निदान वाट बघावी लागत नाही. मास्टर नेकी या गिधाडाचं फक्त मुंडकं कडेने आत येतं आणि नारळ थुंकतं. नारळ चुकवायचा, टायरवर उडी घ्यायची, उतरताना बटण दाबून धरायचं म्हणजे उसळी उंच जाते, आणि बरोबर टाळक्यावर पडायचं. घाई केली, मुंडकं दिसायच्या आधीच उसळलात, तर खाली येताना नारळ अंगावर. चूक कुठे झाली ते लगेच कळतं. हे पटतं.

पण गेमच्या सहाव्या जगात, म्हणजे सहाव्या टप्प्यात, मास्टर नेकी सीनियर येतो: पुन्हा तसंच मुंडकं, तसाच टायर, फक्त नारळ जास्त! दुसऱ्या जगात ज्याला हरवलं त्याच्यासारखंच गिधाड परत समोर आणायचं, तर निदान टायर तरी काढून घ्यायचा होता. तेवढ्यानेही झुंज नवी झाली असती.