‘लोकेशन बंद’ म्हणजे नेमके काय बंद?

सप्रेम नमस्कार.

फोनमधील लोकेशनविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘लोकेशन बंद केले की फोनचा ठावठिकाणा कोणालाच कळत नाही’ हे माझे विधान आपल्याला चुकीचे वाटते, कारण उपग्रह आपल्याला पाहतच असतात. आणि ॲप कंपन्या नाव वगळूनच माहिती साठवत असल्यामुळे मी उगाच भीती पसरवतो, असेही आपण म्हणता.

विधान चुकले, हे मान्य आहे. मात्र त्याचे कारण उपग्रह नव्हेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह केवळ वेळ आणि स्वतःच्या कक्षेची माहिती प्रसारित करतात. ते संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन स्वतःच गणित मांडतो आणि उपग्रहाला उलट काहीही कळवत नाही. (किमान चार उपग्रह लागतात, कारण फोनमधले घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके काटेकोर नसते.) आकाशातून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे ही समजूत बहुधा चित्रपटांनी रुजवली असावी.

माझी चूक वेगळीच आहे. आलेला कॉल आपल्यापर्यंत पोहोचवायचा, तर आपला फोन कोणत्या टॉवरच्या परिसरात आहे हे दूरसंचार कंपनीला ठाऊक असावेच लागते आणि लोकेशनच्या बटणाशी त्याचा काहीही संबंध नसतो. शिवाय इमारतीच्या आत, जिथे उपग्रहांचे संदेश क्षीण होतात, तिथे फोन आसपासच्या वायफाय राउटरांची यादी सर्व्हरकडे पाठवून जागा ठरवू शकतो. म्हणजे आपण कुठे आहोत हे विचारण्यासाठीच ते आधी सांगावे लागते. लोकेशन बंद केल्यावर ॲपला ही माहिती मिळणे थांबते, दूरसंचार कंपनीला नाही.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉवरवरून समजणारे ठिकाण आणि तासाभराच्या अचूकतेची वेळ अशा केवळ चार नोंदी हाती असल्या, तरी त्यांतील ९५ टक्के व्यक्ती इतरांपासून वेगळ्या ओळखू येतात, असे त्यात आढळले. रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढे कळले तर नावाची गरज कितीशी उरते? स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते; तरीही अफगाणिस्तान आणि सीरियातील निर्जन भागांत चमकणाऱ्या रेषांवरून लष्करी तळांची रचना दिसत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले.

म्हणून ही ॲप वापरूच नयेत, असे मी मूळ लेखातही म्हटले नव्हते. रस्ता दाखवणाऱ्या ॲपला अचूक ठिकाण द्यावेच लागते, हवामान सांगणाऱ्या ॲपला ते लागत नाही. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून ॲपला केवळ अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे. लेखात तिचा उल्लेख राहून गेला होता, तो आता केला आहे. चुकलेले वाक्यही बदलून ‘लोकेशन बंद केले की ॲपला फोनकडून ठिकाण मिळत नाही, दूरसंचार कंपनीला टॉवरवरून ते कळतच राहते’ असे केले आहे.