रिफंड आला म्हणून रिटर्न पक्कं होत नाही

डिसेंबर उजाडला की कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आयकर रिटर्नबद्दल तोच मेसेज फिरतो: 'रिफंड आला की रिटर्नला हात लावू नका. सुधारित रिटर्न भरलं की चौकशी लागते. टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापलेल्या व्याजाची काळजी नको. राहिलंच काही, तर चार वर्षं मुदत आहे.' शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त महागात पडतं.

रिफंड देताना बंगळुरूचं सीपीसी, म्हणजे आयकर विभागाचं प्रक्रिया केंद्र, तुमचे आकडे यंत्रावर पडताळतं, इतकंच. ही पडताळणी झाल्याची कलम १४३(१) ची सूचना आली, पैसे खात्यात पडले, तरी रिटर्न सुधारता येतं. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. जास्तीचा रिफंड मिळाला असेल तर तो व्याजासह भरायचा.

चौकशीची भीती उलट्या बाजूने आहे. बँकेने कळवलेलं व्याज एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, आधीच दिसतं. नोटीस येते ती त्यातल्या आणि तुमच्या आकड्यातल्या तफावतीमुळे.

आता टीडीएस. समजा एफडीचं व्याज १ लाख आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात. बँकेने कापले १०,००० रुपये. सेस धरून कर होतो ३१,२००. म्हणजे २१,२०० बाकी, शिवाय एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज. हिंजवडीत वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्यांचं असंच होतं. नव्या करपद्धतीत जुनी कंपनीही ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट सूट) देते, नवीही देते; मिळते मात्र ती एकदाच. दोन्ही फॉर्म १६ (कंपनीने दिलेले पगार आणि टीडीएसचे दाखले) एकत्र मांडले की कराचा खड्डा दिसतो. 'टीडीएस कापलाय ना?' हे वाक्य मात्र दोघांच्याही तोंडी!

चार वर्षांची मुदत आहे ती सुधारित रिटर्नला नव्हे, तर अद्ययावत रिटर्नला (जादा कर मोजून उशिरा भरायचं रिटर्न), आणि ती फुकट नाही. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यावर पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७०. वरच्या उदाहरणात २१,२०० वरच ५,३०० गेले. त्यातून रिफंड वाढवता येत नाही, करही कमी करता येत नाही. जुन्या करपद्धतीत आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दाखवायचा राहिला असेल, तर सुधारित रिटर्नची मुदत संपल्यावर हा रस्ता बंद.

दर चुकीला रिटर्न सुधारायचं नसतं, हेही खरं. बँक खातं चुकल्याने रिफंड अडकला असेल, तर पोर्टलवर खातं पडताळून रिफंड पुन्हा मागवा. दाखवलेला टीडीएस सीपीसीने धरलाच नसेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. आणि सुधारित रिटर्न भरलंत, तर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा.