ई-क्लासला झुकतं माप दिलं, ते का

नमस्कार,

जुन्या गाड्यांच्या तुलनेवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. आक्षेप थोडक्यात असे: बीएमडब्ल्यू ई60 (त्या पिढीची 5 सिरीज) आणि मर्सिडीज डब्ल्यू211 (त्या पिढीची ई-क्लास) यांच्या तुलनेत मी मर्सिडीजच्या बाजूने झुकलो, तिच्या बदनाम ब्रेकचा विषय दोन ओळींत उरकला आणि बीएमडब्ल्यूच्या एन52 या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला त्याचं श्रेय दिलं नाही. शिवाय, "चालवायला कुठली गाडी सरस हे तुम्हाला ठाऊक आहे, लिहायचं धाडस नाही," असंही म्हणालात.

धाडस लागतंय कशाला? चालवायला ई60च सरस. पुढचा-मागचा तोल जवळजवळ निम्मा-निम्मा, नाकात सरळ सहा सिलिंडर. वळणावर डब्ल्यू211 तिच्या जवळपासही येत नाही. पण ती तुलना एकुलती एक, रोज लागणारी, जुनी सेदान घेणाऱ्यासाठी होती. अशा माणसासाठी माझा निकष एकच: गाडीतली मोठी खोट पैसे मोजण्याआधी सापडू शकते का? बिघाड दोन्हींत भरपूर आहेत. ते मी मोजत बसलो नाही.

आता ब्रेक. सुरुवातीच्या डब्ल्यू211 मध्ये सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, म्हणजे एसबीसी. नेहमीच्या वापरात पेडलचा दाब थेट चाकापर्यंत जात नाही. तुम्ही किती जोरात दाबलंत ते सेन्सर मोजतात आणि इलेक्ट्रिक पंप दाब तयार करतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की पुढून क्षणभर घरघर ऐकू येते, तो हाच पंप जागा होतो. युनिट आपण किती वेळा चाललो याचा हिशेब ठेवतं आणि मर्यादा संपली की डॅशबोर्डवर लाल इशारा येतो. पूर्ण बंद पडलं तर फक्त पुढच्या चाकांना हायड्रॉलिक ब्रेक उरतो, तोही खोल आणि जड पेडलवर. साधे ब्रेक पॅड बदलतानाही आधी सिस्टीम निष्क्रिय करावी लागते, नाहीतर पिस्टन अचानक दाबला जाऊन मेकॅनिकची बोटं सापडतील. 2004 मध्ये यासाठी मोठा रिकॉलही झाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तेव्हा तुमची भीती रास्त आहे. पण 2006 च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे मॉडेलच्या मधल्या सुधारित आवृत्तीत, एसबीसी काढून टाकलं. फेसलिफ्ट गाडी घेतली की विषय संपला, म्हणून दोन ओळी.

मर्सिडीजची खरी दुखरी नस तुमच्या नजरेतून सुटली. ई280 आणि ई350 या डब्ल्यू211 च्या मॉडेलांमधल्या एम272 व्ही6 इंजिनांच्या सुरुवातीच्या खेपेत बॅलन्स शाफ्टवरच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यावरच्या) स्प्रॉकेटचे, म्हणजे दातेरी चाकाचे, दाते मऊ निघाले. ते झिजले की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, सरकतं, इंजिन लाइट लागतो, स्कॅनरवर 1200 किंवा 1208 हे कोड येतात आणि दुरुस्तीला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. फेसलिफ्टच्या पहिल्या गाड्याही यात येतात. मात्र इंजिन क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे बघा: 468993 च्या पुढचं असेल तर सुधारित भाग बसलेला आहे. म्हणजे नासकी खेप कागदावरच बाजूला काढता येते. माझं माप झुकलं ते इथे.

एन52 बद्दल वाद नाही, इंजिन म्हणून ते एम272 पेक्षा दणकट आहेच. पण त्याचा वॉटर पंप इलेक्ट्रिक. पट्ट्यावर चालणारा पंप बहुधा आधी गळतो, आवाज करतो. हा कालपर्यंत ठणठणीत असतो आणि आज रस्त्यात इंजिन तापवतो. त्यातून ब्लॉक मॅग्नेशियमचा, बोल्ट ॲल्युमिनियमचे. एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, पण मागच्या गॅरेजने वापरला की नाही हे कोण सांगणार? आणि ई60 च्या मागे 530आय हा बिल्ला आहे म्हणजे आत एन52 असेलच असं नाही. 2005 पर्यंत तिथे एम54 हे जुनं इंजिन होतं आणि 2007 च्या फेसलिफ्टनंतर काही बाजारपेठांत थेट इंजेक्शनचं एन53 आलं, इंजेक्टर आणि नॉक्स सेन्सरच्या (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या) कटकटींसकट.

त्याहून मोठी गोष्ट बॉडीची. ई60 चा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) पुढचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, मागच्या स्टीलला रिव्हेट आणि गोंदाने जोडलेला. समोरून धडकलेली गाडी ठोकून-वेल्ड करून सरळ करायचा नेहमीचा मार्ग इथे चालत नाही, आणि केला असेल तर वरून रंग छान दिसतो. बॉनेट उघडून शॉक टॉवरपाशी (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर जिथे वर बसतात तिथे) रिव्हेटची रांग आणि सीलंटची रेघ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, ते टॉर्च लावून बघावं लागतं. किती खरेदीदार बघतात?

डिझेलचं का नाही लिहिलं, असंही विचारलंत. कारण तिथे दोघीही सारख्याच. बीएमडब्ल्यू 520डी च्या एन47 इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, तर मर्सिडीजच्या ओएम642 इंजिनाचा ऑइल कूलर व्हीच्या खोबणीत, त्याचे सील गळणार. दोन्हीकडे स्वस्त भागासाठी महाग मजुरी. आखूडशिंगी, बहुदुधी या वयात कुठलीच मिळत नाही.

तुम्ही 530आय बघून ठेवली आहे म्हणता. चालवायची हौस असेल आणि घरात दुसरी गाडी असेल तर जरूर घ्या, माझा लेख तुमच्यासाठी नव्हताच. फक्त चासी नंबरवरून इंजिन कुठलं ते आधी काढा. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याचं बिल मागा. नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा. बॅटरी नवी असेल तर ती गाडीत रजिस्टर केली होती का (म्हणजे नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये केली का), तेही विचारा. आणि तुम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर त्या दिवशी सौदा करू नका. दुसऱ्या सकाळी, गाडी थंड असताना, पुन्हा जा.