टाइप करा, छापा, मग फोटो काढा!

अहो, नोटीस तुम्ही कॉम्प्युटरवरच टाइप करता ना? मग तीच फाइल पाठवायला काय होतं? नाही! आधी प्रिंट, त्यावर सही, शिक्का, मग मोबाइलने वाकडा फोटो आणि त्याची पीडीएफ. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर महिन्याला हाच सोहळा.

मला दिसत नाही. माझा एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अशा फाइलपुढे मुका होतो, कारण आत अक्षरं नाहीतच, नुसतं चित्र. मग इन्सर्ट आणि आर दाबून अक्षरं ओळखायला लावायची. तीही स्क्रीनवर दिसतंय तेवढीच! पान सरकवा, पुन्हा दाबा. शिक्का नेमका आकड्यावर बसला असेल तर झालंच कल्याण. मेंटेनन्सच्या तक्त्यात तर रकाने एकमेकांत घुसतात. गेल्या महिन्यात पार्किंगचे पैसे मी पाणीपट्टी समजून बसले होते.

मराठी नोटिशीची तऱ्हा आणखी वेगळी. फोटो नसलेली, खरी पीडीएफ आली तरी फॉन्ट जुना, युनिकोड नसलेला, म्हणजे दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं. कानात काय पडतं? इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं.

सेक्रेटरीकाकांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, कोणाकडून तरी वाचून घे ना!" माझी थकबाकी शेजारणीकडून वाचून घेऊ? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वगैरे राहू दे बाजूला. काका, मूळ वर्ड फाइल जोडा. सहीचा फोटो हवा तर तोही पाठवा, सोबत!