अणू पोकळ नाही, आणि बंध तुटून ऊर्जा मिळत नाही

‘अणूचा 99.99 टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे निव्वळ पोकळी. ही पोकळी काढून टाकली तर जगातली सगळी माणसं साखरेच्या एका क्यूबमध्ये मावतील. तुम्ही आजवर कशालाच स्पर्श केलेला नाही, कारण इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. अणू म्हणजे छोटी सूर्यमालाच. आणि रासायनिक बंधात ऊर्जा कोंडलेली असते. बंध तुटला की ती बाहेर पडते.’

हा मजकूर थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातली काही आकडेमोड बरोबर आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. रसायनशास्त्र शिकायला लागलेल्या मुलाच्या डोक्यात हे चित्र एकदा बसलं की पुढे बंध म्हणजे काय हेच त्याला उमगत नाही. म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

आधी पोकळीचं बघू. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, त्रिज्या सुमारे 0.00084 पिकोमीटर. अणूची त्रिज्या सुमारे 53 पिकोमीटर, म्हणजे केंद्रकाच्या जवळपास 63 हजार पट. इथवर सगळं खरं. पण पुढे इलेक्ट्रॉनला एक बारीक ठिपका समजायचं आणि उरलेली जागा मोकळी धरायची, इथे गाडी घसरते. 53 पिकोमीटर हा आकडा इलेक्ट्रॉनच्या पसाऱ्याचाच आहे. श्रोडिंगरने 1926 मध्ये मांडलेल्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा मार्ग मिळत नाही. मिळते ती जागा व्यापणारी तरंगाकृती. हायड्रोजनच्या नेहमीच्या, सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत तिची घनता केंद्रकापाशी सर्वाधिक असते आणि बाहेर जाताना विरळ होत जाते. मधे कुठेही मोकळा पट्टा नसतो. बेरिलियम-7 या समस्थानिकाचं केंद्रक तर स्वतःच्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळून लिथियम-7 बनतं. इलेक्ट्रॉन दूर कुठेतरी घिरट्या घालत असता, तर हे घडलंच नसतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे बेरिलियम कोणत्या संयुगात आहे यावर या बदलाचा वेग किंचित कमीजास्त होतो. बंधामुळे इलेक्ट्रॉनचा पसारा बदलतो आणि त्याची झळ थेट केंद्रकाला लागते.

यावर रदरफोर्डचा दाखला हमखास दिला जातो. त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी 1909 मध्ये अतिशय पातळ धातूच्या पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रकं, सोडले, बहुतेक आरपार गेले, फारच थोडे मागे फिरले. त्यावरून 1911 मध्ये रदरफोर्डने केंद्रकाची कल्पना मांडली. पण या प्रयोगातून सिद्ध झालं ते एवढंच, की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि धन प्रभार मधोमध एकवटलेला आहे. अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सात हजार पटींहून जड. इलेक्ट्रॉन त्याची दिशा वळवू शकत नाहीत, म्हणून तो सरळ जातो. त्याच अल्फा कणापुढे साधा कागद धरा, तो अडतो. कागदातले इलेक्ट्रॉन उखडत जाताना त्याची ऊर्जा संपते. जागा रिकामी असती, तर त्याला थांबवलं कुणी?

साखरेच्या क्यूबचा हिशेब केंद्रकाच्या घनतेने केला, तर उत्तर खरोखरच एक-दोन घनसेंटिमीटरच्या घरात येतं. तेवढी घनता न्यूट्रॉन ताऱ्यात आढळते. पण तिथे कुणी अणूंमधली पोकळी काढलेली नसते; प्रचंड दाबाखाली इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून न्यूट्रॉन बनलेले असतात. अणूच शिल्लक राहत नाहीत.

सूर्यमालेचं चित्र तर शंभर वर्षांपूर्वीच बाद झालं. प्रभार असलेला कण गोल फिरताना ऊर्जा गमावतो. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास केंद्रकात कोसळायला हवा. बोरने 1913 मध्ये ठरावीक कक्षांची अट घालून हायड्रोजनपुरता मार्ग काढला, पण दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपाशीच तो अडला. पाण्याच्या रेणूत दोन बंधांमधला कोन 104.5 अंशच का, हे फिरत्या ग्रहांच्या चित्रातून कधीच कळणार नाही.

स्पर्शाचा मुद्दा अर्धवट समजुतीचा आहे. अणू एकूणात उदासीन असतात, त्यामुळे थोड्या अंतरावरून ते उलट एकमेकांना आपल्याकडे ओढतात. पाल गुळगुळीत काचेवर चढते ती प्रामुख्याने याच ओढीच्या जोरावर. अगदी जवळ आल्यावर जो विरोध होतो, त्याचं मुख्य कारण पाउलीचा 1925 चा नियम: एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. डायसन आणि लेनार्ड यांनी 1967 मध्ये गणिताने दाखवलं की आपल्याभोवतीचे पदार्थ स्थिर राहतात ते याच नियमामुळे. दोन वस्तूंचे इलेक्ट्रॉन-पसारे एकमेकांना भिडणं, यालाच स्पर्श म्हणतात, आणि तो रोज होतो. निर्वातात एकाच धातूचे दोन स्वच्छ पृष्ठभाग टेकवले तर ते जुळून एकजीव होऊ शकतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारं विधान शेवटचं आहे, कारण ते परीक्षेच्या उत्तरांतही उतरतं. बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्च करावी लागते. बंध तयार होतो तेव्हा ती बाहेर पडते. हायड्रोजन जळतो तेव्हाचा हिशेब मांडून बघा. हायड्रोजनचे 2 मोल आणि ऑक्सिजनचा 1 मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक मोठी संख्या). हायड्रोजनचा बंध तोडायला मोलला 436 किलोज्यूल, म्हणजे दोन मोलचे 872. ऑक्सिजनचा दुहेरी बंध तोडायला 498. एकूण खर्च 1370. मग पाण्याचे 2 मोल बनताना ऑक्सिजन-हायड्रोजनचे 4 मोल बंध जुळतात, मोलला सुमारे 463, एकूण 1852. जमा वजा खर्च, 482 किलोज्यूल हाती. वाफेसाठी प्रत्यक्ष मोजलेला आकडा 484 च्या आसपास आहे. ज्योतीची उष्णता आली ती नव्याने जुळलेल्या बंधांतून.

इंधनाचं तसंच. ऑक्सिजनचा दुहेरी बंध त्या मानाने कमजोर, आणि कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजनचा प्रत्येक बंध मोलला सुमारे 800 किलोज्यूलचा. फायदा या फरकात आहे. टीएनटीसारख्या स्फोटकांचं उदाहरण देऊन कुणी वाद घातला, तर त्यांना नायट्रोजनचा तिहेरी बंध दाखवा: 945 किलोज्यूल. स्फोटात नायट्रोजन वायू तयार होतो आणि त्याचा हा भक्कम बंध जुळतानाच पुष्कळशी ऊर्जा मोकळी होते.

जीवशास्त्रातही एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, फॉस्फेट बंधाला ‘उच्च ऊर्जेचा बंध’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. तो बंध तोडायलाही ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन जी उत्पादितं बनतात ती जास्त स्थिर असतात, पाण्याचे रेणू त्यांना जास्त घट्ट वेढतात, आणि हा सगळा व्यवहार मिळून प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते.