मिथेनच्या सरोवराकाठी शेकोटी म्हणे!

आज एक विज्ञानकथा वाचली आणि डोकं फिरलं. शनीच्या टायटन या चंद्रावर यान कोसळतं, पाच जण वाचतात. इथवर झकास. तिसऱ्या पानावर ही मंडळी मिथेनच्या सरोवराकाठी शेकोटी पेटवून गप्पा मारत बसतात!

अहो, शेकोटी! उणे १७९ अंशांत, जिथल्या हवेत ऑक्सिजन औषधालाही नाही! इंधनाची सरोवरं भरलीत, कबूल. पण १ किलो मिथेन जाळायला ४ किलो ऑक्सिजन लागतो, आणि एक माणूस दिवसाला साधारण ८४० ग्रॅम वापरतो. पाचही जणांचा अख्ख्या दिवसाचा श्वास त्या शेकोटीत गेला की! बर्फाचं पाणी करून विघटनानं ऑक्सिजन काढू म्हणाल, तर ४ किलोला साडेचार लिटर पाणी आणि कमीत कमी २० युनिट वीज. ऊब मिळणार जेमतेम १५ युनिटची. मग सरळ हीटर लावा ना!

ठीक आहे, गोष्ट आहे, थोडी सूट द्यायला हवी. दिली. पण वीज कुठून येते, हे एका ओळीत तरी सांगाल? धुक्यातून ऊन जेमतेम झिरपतं, सौरपट्ट्या निरुपयोगी. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर आहे तशी प्लुटोनियमची बॅटरी ११० वॅट वीज देते, म्हणजे दिवसाला अडीच युनिटच्या आसपास. पाच जणांच्या नुसत्या श्वासालाच अशा आठांच्या वर लागतील. तीच बॅटरी सुमारे २००० वॅट उष्णताही टाकते. ऊब तिथे फुकट आहे हो, शेकोटी कशाला?

बरं, शेकोटीवरून उठून हे वीर चिखलाच्या बुटांनीच आत येतात. तो चिखल मिथेनने भिजलेला. ह्युजेन्स यान २००५ साली टायटनवर उतरलं, तेव्हा त्याच्या उबेनं खालच्या जमिनीतून मिथेन वाफाळलेला उपकरणांनी टिपला होता. १ लिटर द्रव मिथेनचा उबेत, केबिनच्या दाबाला, ४०० लिटरच्या वर वायू होतो. ८ घनमीटरच्या एअरलॉकमध्ये, म्हणजे आत-बाहेर करायच्या दोन दारांच्या खोलीत, तो ५ टक्के भरला, आणि स्फोटाची हद्द तिथूनच सुरू होते. म्हणून आधी नायट्रोजनने एअरलॉक धुवायचा, मगच त्यात श्वासाची हवा सोडायची. बाहेरचा दाब पृथ्वीच्या दीडपट, त्यामुळे केबिनचा त्याहून किंचित जास्त ठेवायचा, नाहीतर फट पडली की बाहेरची हवा आत.

राग खरा वेगळ्याच गोष्टीचा आहे. टायटनची थंडी माणसाला मदत करते, आणि ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. केबिनची हवा बाहेरून फिरवलेल्या नळीतून सोडायची. आधीच्या कोमट टप्प्यात बाष्प गोठवून काढायचं, नाहीतर नळी चोंदते. पुढे उणे सव्वाशेच्या खाली श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं हिव साचतं. ऑक्सिजन मात्र उणे १७९लाही वायूच राहतो, तो सुखरूप परत येतो. नळ्या दोन हव्यात: एकीत हिव धरतं, तोवर दुसरी साफ करायची. कार्बन डायऑक्साइड शोषणारे फिल्टर संपण्याची भीतीच नाही.

कथेत एक मेकॅनिक बाई आहे, दोन वाक्यांत उरकलेली. हे काम तिचं असायला हवं होतं. रोज सकाळी पाच जणांचा पाचेक किलो गोठलेला श्वास नळीतून खरवडून बाहेर टाकायचा, आणि वजनावरून ओळखायचं की रात्री कुणीतरी झोपलं नाही.

लेखकमहाशयांनी तिला शेकोटीवर कॉफी करायला बसवलंय.